वेळ अमावस्येला गेलेली जपानी गाडी

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या जवळ आली की मला ती लाल गाडी आठवते. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. नांदेडला घर बांधलं, नातवंडांना शाळेत सोडतो, भाजी चांगली आणली नाही म्हणून घरात बोलणी खातो. नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं आणि त्यातलं पुष्कळसं विसरलोही. पण ज्या गुन्ह्यात कुणाला साधं खरचटलं नाही, तो मनातून जात नाही. नावं मी कुणाचीच घेणार नाही. त्यातली बरीचशी माणसं अजून त्याच रस्त्यांनी जातात-येतात.

मी मूळचा कंधारचा. तेव्हा लातूरला पोलीस निरीक्षक होतो. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती. गावं नव्या जागी वसली होती, लोक पत्र्याच्या शेडमधून पक्क्या घरांत गेले होते, तरी रस्त्यावरून जड ट्रक गेला की माणसं हातातलं काम थांबवून भिंतीकडे बघायची. त्याच काळात लातूर हे शिकवणीचं गाव झालं. ज्या गल्लीत पूर्वी आडतीची दुकानं होती, तिथं पाट्या लागल्या. कोपऱ्याकोपऱ्यावर मेस निघाल्या. सायकल चोरीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की आमचं मुद्देमालाचं आवार सायकलींनीच भरून गेलं. पोरं एकाच रंगाच्या, एकाच कंपनीच्या सायकली घ्यायची आणि मग आपली कोणती म्हणून आमच्याच पुढ्यात भांडायची.

अशा त्या गावात भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर होते. हुशार, तापट आणि शौकीन. त्यांच्या क्लासच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली एक जपानी स्पोर्ट्स कार उभी असायची. लाल रंग, दोन दारं, आत दोनच माणसांची बैठक, आणि बसकी तर इतकी, की शेजारी म्हैस उभी राहिली तर गाडी दिसायची नाही. दिवे बॉनेटच्या आत लपलेले. बटण दाबलं की वर यायचे. त्यातला उजवा दिवा अर्धा उघडून कायमचा अडकला होता, म्हणून पोरं म्हणायची, सरांची गाडी डोळा मारते. बोर्डात येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला निकालाच्या दिवशी त्या गाडीतून गावभर चक्कर, अशी सरांची रीत होती. पोरं त्या चकरेसाठी किती अभ्यास करायची ते मला ठाऊक नाही, पण आईबाप त्या गाडीला बघून फी भरायचे एवढं खरं.

ही गाडी लातुरात आली कशी, तेही सांगितलं पाहिजे. उदगीरच्या एका आडत व्यापाऱ्याचा मुलगा साखर कारखान्यातला इंजिनिअर. तो नोकरीला आफ्रिकेत, केनियाला गेला. तिकडच्या साखर कारखान्यांत आपल्या भागातली बरीच मुलं असत. तिथं त्यानं ही गाडी घेतली. तिकडंही ती जुनीच होती, पण शौकीन माणसाला जुनं नवं काय. परत येताना ती जहाजानं मुंबईला आणली आणि मुंबईहून स्वतः चालवत उदगीरला. पुढं त्याला इकडच्याच एका कारखान्यात नोकरी लागली. भूकंपाच्या आदल्या दिवशी तो कामासाठी त्या पट्ट्यातल्या एका गावी मुक्कामाला गेला. गावाचा रस्ता खडबडीत, गाडी खालून घासते, म्हणून ती घरी ठेवून तो एसटीनं गेला. गाडी राहिली आणि तो गेला. पुढं त्याच्या वडिलांनी ती सरांना विकली.

त्या वर्षी वेळ अमावस्येला मी ठाण्यात होतो. आमच्या कंधारकडेही ही अमावस्या करतात, पण लातूरकर करतात तशी शहर ओस पाडून नाही. सकाळी उन्हं वर आली, की सगळं गाव डोक्यावर पाट्या, हातात मडकी घेऊन शेतावर निघतं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतावर जातो. रानात कडब्याची छोटी कोप उभी करून पूजा करायची, सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर खायची, आंबील प्यायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला हाका मारून जेवायला बसवायचं. संचारबंदी लावूनसुद्धा आम्हाला शहर इतकं रिकामं करता आलं नसतं. माझा निम्मा स्टाफ रजेवर होता आणि उरलेल्या निम्म्याचं लक्ष घड्याळाकडे होतं.

दुपारी सर आले. पायाला शेतातली ओली माती तशीच.

"साहेब, माझी गाडी गेली."

"कोणती?"

"लातुरात माझी म्हणजे कोणती असणार?" ते माझ्यावरच उखडले.

सकाळी ते घरच्यांबरोबर जीपमधून शेतावर गेले होते. क्लासचा पहारेकरीही आपल्या शेतावर गेलेला. दह्याची बरणी घरीच राहिली म्हणून सर परत आले आणि वाटेत क्लासमध्ये डोकावले, तर शेड रिकामं. ठाणे अंमलदारानं फिर्याद लिहून घेतली, चोरीचा गुन्हा दाखल केला, शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला आणि नाकाबंदी लावायला सांगितली. मी जमादारांना घेऊन पंचनाम्याला गेलो. पंच मिळायला चार गल्ल्या फिराव्या लागल्या, कारण गावात पंच व्हायला माणूसच नव्हता.

शेडमध्ये ना काचेचा तुकडा, ना तोडलेली वायर. जमिनीवर तेलाचा जुना डाग आणि चाकांच्या खुणा. गाडी किल्लीनं चालू करून नेली होती. किल्ली सरांच्या खिशात.

"दुसरी किल्ली?"

"ती मिळालीच नाही. विकताना म्हातारे म्हणाले, हरवली."

फिर्यादीच्या खिशात आरोपी तयारच असतो, हा माझा सगळ्या नोकरीतला अनुभव. सरांचा संशय ती गाडी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकवर. रेणापूर नाक्यावर त्याचं गॅरेज. तो सणाला शेतावर जाणाऱ्यांतला नव्हता, गावात उरला होता, एवढाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. मला काही तो पटला नाही, पण विचारपूस करणं भाग होतं. मी चौकशीत आरडाओरडा करणारा अधिकारी नव्हतो. समोरच्याला चहा द्यावा आणि आपण कागद चाळत बसावं. गप्प बसलेला पोलीस माणसाला जास्त बोलता करतो. तो मात्र चहा न घेताच हसायला लागला.

"साहेब, उस गाडी का इंजन तो परसों मैंच निकालनेवाला था. चोरी कायको करूं?"

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीकडे पाहायला लागले.

मग सगळं बाहेर आलं. गेल्या निकालाच्या दिवशी बोर्डात आलेल्या पोरीला घेऊन सर निघाले आणि भर चौकात गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ, पोरगी रडकुंडीला आलेली, बँडवाले वाजवायचे थांबलेले. शेवटी प्रतिस्पर्धी क्लासच्या पोरांनी गाडी ढकलली आणि ढकलताना काय काय घोषणा दिल्या, त्या सरांच्या जिव्हारी लागल्या. इंजिनाचं एक गॅस्केट गेलं होतं. ते मिळण्यासाठी सरांनी मुंबई, पुणे, हैदराबाद पालथं घातलं. ब्रेकला अँबॅसडरचे लायनर घासून बसवलेले, पाण्याचा पाइप ट्रॅक्टरचा, एवढं सगळं जुगाड चाललं होतं, पण गॅस्केटपुढं सगळ्यांनी हात टेकले. मग ठरलं, की जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवून टाकायचं. बाहेरून गाडी तीच दिसेल, चौकात दगा देणार नाही आणि पोराटोरांना काय कळतंय आत काय आहे. निघालेलं जपानी इंजिन मेकॅनिकला भंगारात द्यायचं कबूल झालं होतं.

"थंडी में वो गाडी चालू करना हर किसी के बस का नहीं," मेकॅनिक जाताना म्हणाला. "सरांना बी रोज धा वेळा किल्ली फिरवावी लागते."

त्याला मी सोडून दिलं. पण तो जे म्हणाला ते डोक्यात राहिलं. दुसरी किल्ली असलेला आणि थंड गाडी चालू करता येणारा माणूस हवा होता.

तेवढ्यात खबर आली. आष्टामोडच्या नाक्यावर आमचा शिपाई होता, त्याला एका शेतकऱ्यानं भज्जी-भाकरीचा डबा आणून दिला आणि बोलता बोलता सांगितलं, की सकाळी एक डोळा मारणारी तांबडी गाडी उदगीरकडे गेली. बिनतारी यंत्रणेच्या आधी भज्जीच्या डब्यानं काम केलं.

जीपमध्ये मी, जमादार, चालक आणि हट्टानं मागे बसलेले सर. वाटेत मी विचार करत होतो. चोरट्यानं दिवस बरोबर निवडला, शहर रिकामं असण्याचा. म्हणजे माणूस याच भागातला. पण याच भागातल्या माणसाला हेही ठाऊक असणार, की आज शहर रिकामं म्हणजे रान भरलेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला प्रत्येक धुऱ्यावर, बांधाबांधावर माणसं बसलेली, आणि त्यांना दुसरा उद्योग नाही, रस्त्याकडे बघून हाका मारण्याखेरीज. असल्या दिवशी लाल गाडी घेऊन जाणं म्हणजे दवंडी पिटत जाणं. मी जमादारांना म्हटलं, ज्याला लपायचंय तो या रस्त्यानं जाणार नाही. जमादार रेणापूरकडचे, पिकलेले. ते म्हणाले, "साहेब, ह्यो चोर न्हाई. ह्यो कुटंतरी जेवाय चाललाय."

आता तपास कसा करावा. आम्ही एका शेतापाशी थांबलो, की माणसं जीपभोवती यायची आणि आधी आंबिलीचा तांब्या पुढं करायची. "आज न्हाई म्हनू नये साहेब." प्यायल्याशिवाय जबाब नाही. तिसऱ्या शेतापर्यंत माझं पोट डब्ब झालं. आणि माहिती काय, तर एकजण म्हणाला चालवणाऱ्याच्या डोक्याला कानटोपी होती, दुसरा म्हणाला फेटा, तिसरा म्हणाला टॉवेल. सर मागून चिडचिड करत होते. जमादार मात्र प्रत्येक ठिकाणी भज्जीची चव घेऊन कोणत्या शेताची चांगली ते मनात ठरवत होते.

पुढं एका चिंचेखाली एक म्हातारी बसली होती. नातवंडं आजूबाजूला, ज्वारी कंबरेएवढी. तिनं आम्हाला बसवलं आणि आधी वाढलं.

"ती तांबडी गाडी हितंच थांबली व्हती," मग ती म्हणाली. "गाडीला पानी पायजे म्हनून. म्या म्हनलं, पानी देते, पर आधी आंबील पी."

"थांबली म्हणजे लगेच उतरले?" मी विचारलं.

"न्हाई. गाडी हुबी केली, पर बंद न्हाई केली. बसून ऱ्हायलं आतच. गाडी भुरभुर भुरभुर करत ठिवली लई येळ. मग बंद केली अन् मग उतरलं."

सर हातातला उंडा तसाच धरून राहिले होते. मी विचारलं, काय झालं.

"साहेब, त्या इंजिनाला टर्बो आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद केलं, तर आतलं चक्र तेलाशिवाय फिरत राहतं आणि जळतं. म्हणून दोन मिनिटं मंद चालू ठेवायचं आणि मग बंद करायचं. हे या जिल्ह्यात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

सर आठवू लागले. "उदगीरला सौदा झाला तेव्हा... म्हातारे बैठकीत होते. मी किल्ली घेऊन उठलो, तर आतल्या दारातून एका बाईंचा आवाज आला. गाडी लगेच बंद करू नका म्हणून. त्यांच्या सूनबाई असाव्यात."

मी म्हातारीकडे वळलो. "आजी, गाडी चालवणारा माणूस दिसायला कसा होता?"

"मानूस?" म्हातारीनं माझ्याकडे असं बघितलं, की मला शाळेत उभं राहिल्यासारखं वाटलं. "बाई व्हती की. शाल गुंडाळल्याली डोईला. लई गुनाची बाई. जाताना ताट इसळून गेली."

आम्ही इतका वेळ सगळ्यांना "कोण गडी होता" म्हणून विचारत होतो, आणि लोक बिचारे गड्याची वर्णनं करत होते. त्या काळी उदगीरच्या रस्त्यावर गाडी चालवणारी बाई ही कुणाच्या डोळ्याला दिसायचीच नाही, समोरून गेली तरी.

उदगीरच्या अलीकडे त्या आडत व्यापाऱ्याचं शेत होतं. पोचलो तेव्हा उन्हं कलायला आली होती. धुऱ्यावर लाल गाडी उभी, तिच्या बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढलेली आणि बाजूला कडब्याची कोप. घरातली माणसं जेवून सुस्तावून बसली होती. पोलिसांची जीप पाहून बाया उठून उभ्या राहिल्या. व्यापारी, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, पुढं आले. त्यांच्या अंगात कोट, गळ्यात लिंग. ते सरांना हात जोडून म्हणाले, "या सर. सूनबाई म्हनली, सरांनी आजच्या पुरती गाडी दिली. लई उपकार झाले."

म्हणजे म्हाताऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

सून पुढं आली. पस्तिशीची असेल. उदगीरच्याच एका शाळेत गणित शिकवायची. डोळे वर करून बोलली, पण हात शालीत घट्ट धरलेले.

"अप्पा, सरांनी दिली नाही. मी आणली. किल्ली हरवली नव्हती, माझ्यापाशी होती." मग माझ्याकडे वळून, "चोरी म्हणा साहेब. लिहून घ्या."

 अप्पा कोपीपाशी खाली बसले आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावून पुटपुटायला लागले. सर मात्र पुढं सरसावले.

"लाज वाटली नाही तुम्हाला? शिक्षिका आहात ना? गाडी माझी आहे, कागद माझ्या नावावर आहेत."

"गाडी तुमचीच आहे सर," ती म्हणाली. "मी इंजिन ऐकायला आणली. परवा ते काढणार म्हणून गॅरेजमधून कळलं. आमचे हे आफ्रिकेतून आले, तेव्हा मुंबईहून घरी गेले नाहीत, गाडी घेऊन इथं शेतावर आले होते. अशीच अमावस्या होती. सगळं घर इथं बसलं होतं आणि लांबून आवाज आला. अप्पा म्हणाले, ट्रॅक्टर न्हाई, जीप न्हाई, कसला आवाज ह्यो. त्यांचा आवाज माझ्यापाशी नाही. कुठं भरून ठेवलेला नाही. हाच एक आहे. तो भंगारात जायच्या आधी एकदा इथं यावा, एवढंच होतं. संध्याकाळी परत नेऊन लावणार होते."

"मग मला विचारायचं होतं."

"गाडी विकताना मला कुणी विचारलं होतं?"

हे ती सरांना म्हणाली, पण लागलं ते अप्पांना. ते खालूनच म्हणाले, "मला बघवत नव्हती गं ती गाडी. रोज सकाळी उठून दारात तीच. म्हनून काढली. तुला काय वाटंल त्ये... ध्यानातच आलं न्हाई."

मी मधेच उभा. कायद्यानं हा गुन्हाच होता. मालकाच्या परवानगीशिवाय वस्तू नेली, थोड्या वेळापुरती नेली तरी चोरी होऊ शकते. अटक दाखवली असती, तर बाईंची नोकरी निलंबनात गेली असती आणि उदगीरसारख्या गावात त्या घराला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी ती कुठं लपली नव्हती. भरल्या रानातून, शेकडो माणसांच्या समोरून ती गाडी घेऊन आली होती. मी सरांना बाजूला घेणार, एवढ्यात सरच बोलले, आणि त्यांचा सूर बदललेला होता.

"चालू कशी केलीत? इतक्या थंडीत?"

"पहिल्यांदा अर्धी किल्ली. पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबायचं. पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचाच नाही. ह्यांनी असंच शिकवलं होतं."

"मी तर दाबून धरतो."

"म्हणून ती गुदमरते."

"आणि पाणी? उकळली नाही?"

"दोनदा थांबले. चौथ्या गिअरच्या वर नेलीच नाही. गॅस्केट गेलंय सर, तेलात पाणी जातंय. तेल दुधासारखं झालंय, बघितलं का तुम्ही?"

"बघितलं हो. म्हणून तर..."

आणि माझ्या डोळ्यांदेखत फिर्यादी आणि आरोपी बॉनेट उघडून आत वाकले. मी हातात आंबिलीचा पेला धरून उभा. जमादार माझ्या कानात म्हणाले, "साहेब, ह्यांचं लांबतंय. बसा." इतक्या वर्षांच्या नोकरीत असा पंचनामा मी पुन्हा पाहिला नाही.

मुद्देमाल ठाण्यात न्यावाच लागणार होता. आमचा चालक पुढं झाला. त्यानं गाडी तीनदा बंद पाडली आणि चौथ्यांदा उतरून सलाम ठोकला. सर म्हणाले, आज माझ्याही हातानं नको. शेवटी मी निर्णय घेतला, आणि तो कोणत्याही नियमावलीत बसणार नाही. आरोपीच मुद्देमाल चालवत ठाण्यात आणेल, शेजारी फिर्यादी बसेल आणि मागून पोलिसांची जीप. अप्पांनी निघताना पहिल्यांदा गाडीला हात लावला, टपावर, हळूच.

परतीच्या वाटेवर शेताशेतातली माणसं घरी निघाली होती. लाल गाडी दिसली की थांबायची, हात हलवायची. चिंचेखालची म्हातारी उभी राहून हसत होती. मला गाडीतलं फारसं काही कळत नाही, पण मोकळ्या रस्त्यावर त्या बाईनं जेव्हा गाडीला थोडा हात सोडला, तेव्हा जीपच्या खडखडाटातूनही तो आवाज ऐकू आला. भरल्या गळ्यानं कुणी गुणगुणावं तसा. 

ठाण्याच्या आवारात, त्या सायकलींच्या ढिगापाशी तिनं गाडी उभी केली. बंद केली नाही. सर म्हणाले होते, दोन मिनिटं पुरतात. ती त्याहून पुष्कळ जास्त बसली. सर शेजारी बसून राहिले. आम्हीही कुणी पुढं गेलो नाही. मग तिनं किल्ली फिरवली आणि ती इतकी वर्षं जपलेली किल्ली काढून सरांच्या हातात दिली.

सर लगेच म्हणाले, लिहून घ्या, मीच परवानगी दिली होती आणि विसरलो. मी म्हटलं, माझ्या ठाण्यात खोटं लिहिलं जाणार नाही, जे वाटतं ते खरं सांगा. मग त्यांनी जबाब दिला, की बाईंचा हेतू गाडी लाटण्याचा नव्हता, त्या ती परत आणून लावणार होत्या, गैरसमजातून फिर्याद झाली आणि आपली तक्रार राहिलेली नाही. त्यावर 'क' समरीचा, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला गुन्हा बंद करण्याचा अहवाल पाठवला. वरिष्ठांनी मला बोलावून बरंच ऐकवलं, पण समरी मंजूर झाली. शाळेपर्यंत गोष्ट गेली नाही. आरोपी म्हणून तिचं नाव मी कोणत्याही कागदावर येऊ दिलं नाही, आणि आज येथेही सांगत नाही.

त्यानंतर सरांनी इंजिन काढायचं लांबवलं. बाईंनी केनियातल्या ओळखीच्यांचे पत्ते दिले, दोघांनी पत्रं लिहिली. पुढचा निकाल आला, तेव्हा सरांनी पहिल्या आलेल्या पोराला रिक्षातून फिरवलं आणि लोक हसले ते सहन केलं. तापट माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हती. पण नैरोबीहून उत्तर आलं, की ते मॉडेल तिकडंही संपलं, सुटे भाग मिळत नाहीत. मग गाडीत डिझेल इंजिन बसलं. गाडी ट्रकसारखी आवाज करत काही वर्षं फिरली, पुढं कुणाला तरी विकली गेली. जपानी इंजिन मात्र भंगारात गेलं नाही.

हे मला फार उशिरा कळलं. बदलीच्या वाटेवर उदगीरला थांबलो होतो, म्हणून त्या घरी गेलो. बाईंनी चहा केला. ओसरीत सागवानी चौकटीवर काहीतरी चादरीखाली झाकलेलं होतं. सरांनी ते टेम्पोत घालून स्वतः आणून दिलं होतं.

लोक मला विचारतात, इतक्या वर्षांत काय शिकलात. एवढंच शिकलो, की फिर्यादीत वस्तूचं वर्णन असतं, रंग, नंबर, किंमत. माणसाचं गेलेलं काय ते त्या रकान्यात मावत नाही, आणि ते विचारल्याशिवाय कुणी सांगतही नाही. म्हणून त्यानंतर मी प्रत्येक चोरीत फिर्यादीला आणि आरोपीलाही, तुमचं नेमकं गेलं काय, हा एक प्रश्न विचारत गेलो. कधी उपयोग झाला, कधी नाही.

त्या दिवशी उदगीरच्या घरून मी निघालो, तेव्हा अप्पा आतून आले. खूप थकले होते. हातात लांब दांड्याचा पाना. ते चौकटीपाशी बसले आणि त्यांनी चादर बाजूला केली. इंजिन पुसून तेल लावून ठेवलेलं.

"हप्त्यातून एकदा फिरवावं लागतं बगा, न्हाई तर जाम हुतं," ते मला म्हणाले. "सूनबाई म्हनली मी करते. म्या म्हनलं, न्हाई, ह्ये माजं काम."

त्यांनी इंजिनाच्या पुढच्या चाकाला पाना लावला. दोन्ही हातांनी जोर केला. आतून सून म्हणाली, "अप्पा, उजवीकडं. उलटं फिरवू नका." चाक जड जड करत थोडं फिरलं आणि इंजिनाच्या पोटातून दबलेल्या हवेचा एक बारीक सुस्कारा आला. म्हातारबा हात थांबवून, कान लावून तसेच बसून राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आयकलाव का साहेब? एवढाच ऱ्हायलाय. पर त्येचाच हाय."